डायमंड पेंटिंग घ्यायचंय, पण कुठलं? चित्राआधी बघायच्या गोष्टी

डायमंड पेंटिंगचं किट निवडताना आपण सगळे आधी चित्रच बघतो. मोर आवडला, मोर मागवला, संपलं. पण तयार झालेल्या मोराकडे तुमची नजर आठवड्यातून दोन-चारदा जाईल, आणि तो बनवताना मात्र महिना-दोन महिने रोज तासभर मान, डोळे आणि बोटं त्याच्यापाशी अडकणार आहेत. म्हणून हाताला कुठलं काम आवडेल ते आधी ठरवायचं आणि चित्र मग, असं माझं मत आहे आणि ते मी सांगत असते, कुणी विचारो न विचारो. हल्ली आमच्या गोव्यात, फोंड्यात-म्हापशात ओळखीपाळखीतले बरेच जण विचारतात, बायका तर आहेतच पण रिटायर झालेले एक-दोन काकासुद्धा चष्मा सरसावून बसतात, तर एकदाच सविस्तर लिहून टाकते म्हणजे फोनवर तेच तेच नको.

ज्यांनी हा प्रकार पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. कॅनव्हासवर बारीक चौकटींची जाळी छापलेली असते, प्रत्येक चौकटीत एक खूण, कुठे अक्षर, कुठे बाण, कुठे फुली. वरून गोंद आणि गोंदावर पातळ प्लास्टिक. बाजूला तक्ता असतो की कुठली खूण म्हणजे कुठल्या नंबरचा रंग. रंग म्हणजे पैलू पाडलेले बारके खडे, विकणारे त्यांना ड्रिल म्हणतात, आमच्या घरात टिकल्याच म्हणतात. पेनाच्या टोकात मेण भरायचं, ट्रेमधला खडा त्या टोकाला चिकटवून उचलायचा आणि खुणेवर दाबायचा. एवढंच. चित्रकला येण्याची गरज शून्य.

ज्यांनी दोसुतीवर क्रॉस स्टिच केलंय त्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल, आणि नातं आहेच, कारण खड्यांचे रंग बहुतेक चांगल्या किटमधे डीएमसीच्या नंबरांनी ओळखतात. डीएमसी ही भरतकामाचे धागे बनवणारी फ्रान्सची जुनी कंपनी, १७४६ सालची. आपल्याकडे अँकरच्या लडी जास्त दिसतात त्यामुळे हे नंबर पाठ नसतात, पण दोन किट केलीत की ३१० म्हणजे काळा हे डोक्यात बसतं. नंबरचा फायदा असा की एखादा रंग कमी पडला तर तोच नंबर सुटा मागवता येतो. काही स्वस्त किटांत मात्र नुसते १, २, ३ असे आकडे असतात, ते त्या किटापुरतेच, बाहेर त्यांना अर्थ नाही, आणि मग आकाशाचा निळा शेवटच्या दोन ओळींत संपला की बसा शोधत. तेव्हा मोठं चित्र घेणार असाल तर डीएमसी नंबर आहेत का ते विचारूनच घ्या.

आता साईझ. चौकोनी खडा अडीच मिलीमीटरचा असतो, म्हणजे एका सेंटीमीटरला ४ आणि एका चौरस सेंटीमीटरला १६. यावरून सगळा हिशोब घरबसल्या करता येतो. ३० बाय ४० सेंटीमीटरचं पूर्ण भरलेलं चित्र म्हणजे १२० गुणिले १६०, झाले १९,२०० खडे. ४० बाय ५० म्हणजे ३२,०००. ५० बाय ७० म्हणजे ५६,०००. तासाला ६०० खडे लावता असं धरलं तर पहिल्याला ३२ तास, दुसऱ्याला ५३ आणि तिसऱ्याला ९३ तास लागतील, आणि यात रंग शोधणं, सांडलेले उचलणं, मधेच दारात पोदेर, म्हणजे पाववाला, आला म्हणून उठणं हे काहीच धरलेलं नाही. आणखी एक मेख आहे, ती म्हणजे जाहिरातीत ३० बाय ४० लिहिलेलं असतं ते पुष्कळदा कॅनव्हासचं माप असतं, चित्राचं नाही. चारी बाजूंना अडीच-अडीच सेंटीमीटर पांढरी पट्टी सोडली की चित्र उरतं २५ बाय ३५, म्हणजे १४,००० खडे. काम कमी झालं म्हणून खूश होऊ नका, बारकावाही तेवढाच कमी झाला.

गोल की चौकोनी हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. गोल खडे साधारण २.८ मिलीमीटरचे. गोलाला कोपरे नाहीत त्यामुळे तो कसाही फिरला तरी चालतो, लावला की लावला, हात भराभर चालतो. जरा तिरका बसला तरी शेजारच्याला धक्का देत नाही. चौकोनी मात्र शिस्तीचा, एक वाकडा बसला की त्याच्या पुढची ओळ वाकडी, आणि खूप घट्ट कोंबले तर मधला खडा वर उचलून येतो. पण नीट बसला की टक् असा बारीक आवाज येतो आणि ज्यांना तो आवाज आवडतो ते पुन्हा गोलाकडे जात नाहीत. मी त्यातली.

दिसण्यातला फरक जरा भूमितीचा आहे. गोल एकमेकांना अगदी चिकटवून लावले तरी चार गोलांच्या मधे जागा उरते, हिशोब केला तर साधारण पाचवा भाग उघडाच राहतो. त्यातून खाली छापलेला रंग दिसतो. त्यामुळे गोल खड्यांच्या किटमधे खालची छपाई चांगली हवी, नाहीतर गडद चित्रात पांढरे ठिपके ठिपके दिसतात. चौकोनी खड्यांत फटी जवळजवळ नाहीत, चित्र सलग दिसतं, मोझेक टाईल्ससारखं, आणि रेषा धारदार येतात. गोलात चमक जास्त भासते, चौकोनात चित्र जास्त दिसतं, असं माझं सरळ म्हणणं. लहान मुलं, थरथरणारे हात, पहिलंच किट, टीव्ही बघत बघत करायचं काम, याला गोल. इमारत, चौकड्यांची नक्षी, चेहरा, अक्षरं, याला चौकोनी. आपल्या कुणबी साडीच्या लाल चौकड्या कुणी पॅटर्न करून घेतल्या तर त्या चौकोनी खड्यांतच शोभतील, गोलात त्या चौकड्यांची धारच जाईल.

फुल ड्रिल म्हणजे अख्खं चित्र खड्यांचं. पार्शल म्हणजे बाकी चित्र छापील आणि फक्त ठराविक भागांवर खडे, त्यातही बरेचदा पानाच्या, थेंबाच्या, डोळ्याच्या आकाराचे मोठे खास खडे. गणपती, देवी, मोर, मंडल यांची किटं या प्रकारात खूप मिळतात, मुकुट आणि दागिने तेवढे चमकतात, बाकी प्रिंट. चार-पाच संध्याकाळी पुरे होतं. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या आधी मखराच्या मागे काहीतरी लावायचंय आणि हातात आठच दिवस आहेत तर हेच घ्या, फुल ड्रिलच्या वाटेला जाऊ नका, कारण त्या आठ दिवसांत नेवऱ्या (करंज्या) पण आहेत आणि गणपतीच्या वर फळं-पानं टांगतात त्या माटोळीचं सामान पण आहे. पार्शलला काही जण कमी लेखतात. मला त्याची एकच अडचण वाटते, छापील भाग आणि खड्यांचा भाग यांची पातळी वेगळी राहते, त्यामुळे जवळून बघितलं की चित्रावर दागिने चिकटवल्यासारखं दिसतं. देवाच्या फोटोला ते चालतं, किंबहुना तेच हवं असतं. निसर्गचित्राला नाही चालत.

पण गोल-चौकोनी, फुल-पार्शल या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट जाहिरातीत कुणी लिहीतच नाही. चित्रात एका रंगाचे मोठे पट्टे आहेत का सगळे रंग सुटे सुटे विखुरलेत, ती. विखुरलेल्याला करणारे लोक कॉन्फेटी म्हणतात, कार्निव्हलात कागदाचे कपटे उडवतात तसे एकेक खडे, इथे एक हिरवा, शेजारी दोन करडे, मग एक पिवळा, मग परत हिरवा. मोठ्या पट्ट्यांना ब्लॉक म्हणतात. कामाची सगळी चव यावर ठरते. ब्लॉक असला की एक रंग ट्रेमधे ओतायचा आणि अर्धा तास नुसतं लावत सुटायचं, पाच-सहा खडे एकदम उचलणारं रुंद टोकही मिळतं, ते पेनाला लावलं की ओळीच्या ओळी झरझर होतात. डोकं रिकामं राहतं, भजनं ऐका, फोनवर बोला. कॉन्फेटीत दर चार खड्यांना रंग बदलायचा, वीस डबे उघडे, रुंद टोक निरुपयोगी, वेग निम्म्यावर. बदल्यात छटा सुंदर मिळतात, जवळून गोंधळ आणि आठ फुटांवरून बघितलं की खरं पाणी, खरं पान.

कुठलं चित्र कुठल्या जातीचं हे ओळखायला थोडी सवय लागते, आपल्या आजूबाजूचीच उदाहरणं घेऊ. माडांच्या झावळ्या म्हणजे पक्की कॉन्फेटी, बारीक पातींमधून आकाश दिसतं ना, त्या प्रत्येक फटीत रंग बदलतो. मिरामारचा सूर्यास्त वरवर सोपा वाटतो पण तो फसवा, कारण केशरीपासून जांभळ्यापर्यंतचा उतार दाखवायला भरपूर छटा लागतात, आणि किटमधे रंगच वीस-बावीस असले तर आकाशात पट्टे पट्टे पडतात, जणू भिंतीला वेगवेगळे हात मारलेत. मंगेशीची सात मजली दीपमाळ किंवा पणजीचं ते पायऱ्यांवरचं पांढरं चर्च, ही पांढरी वास्तू म्हणजे पांढरा रंग एकच असं वाटतं, पण सावलीत तो करडा, निळसर, किंचित पिवळा असतो, आणि त्या सगळ्या पांढऱ्या-करड्या छटा किटमधे नसतील तर इमारत कागद कापून चिकटवल्यासारखी सपाट दिसते. जुन्या घरांवरच्या निळ्या-पांढऱ्या आझुलेजो टाईल्स मधल्या जातीच्या, निळ्याच्या पाच-सहा छटा, बरेच ब्लॉक, थोडी कॉन्फेटी, पहिल्या मोठ्या चित्राला एकदम योग्य. आणि देवळांवरची, जुन्या घरांवरची कावी कला, पांढऱ्या चुन्यावर काव घासून कोरलेली लाल नक्षी, ती तर दोन रंगांतच होईल. मात्र तिच्यातल्या वेलींचे वळसे लहान साईझमधे करू नका, चौकटींच्या जाळीवर गोलाई पायऱ्या-पायऱ्यांची दिसते, त्या पायऱ्या नजरेआड करायला चित्र मोठं आणि बघायचं अंतर लांब हवं.

किटच्या जाहिरातीत दोन गोष्टी बघा, रंग किती आहेत आणि चित्र खड्यांमधे कसं दिसेल त्याचा नमुना दिलाय का. नुसतं गुळगुळीत डिजिटल चित्र दाखवलं असेल तर त्यावर विश्वास ठेवू नका, त्या चित्रात लाखो ठिपके आहेत आणि तुमच्या हातात येणार वीस हजार. मोबाईलवर चित्र अगदी पोस्टाच्या तिकिटाएवढं लहान करून बघा, तरीही ओळखू आलं तर ठीक. आणि हो, पुष्कळ स्वस्त किटांवरची चित्रं चित्रकाराला न विचारता उचललेली असतात. चित्रकाराचं नाव छापणारं किट मिळालं तर थोडे पैसे जास्त देऊन तेच घ्यावं असं मला वाटतं, पटत असेल तर घ्या.

फोटोवरून करून घेणाऱ्यांसाठी वेगळं सांगते कारण सगळ्यात जास्त निराशा इथे होते. लग्नातला सहा जणांचा फोटो, ३० बाय ४० मधे. प्रत्येक चेहरा फार तर चार सेंटीमीटर रुंद, म्हणजे १६ खडे. सोळा खड्यांत कपाळ, दोन डोळे, नाक, गाल, झुमके. एका डोळ्याच्या वाट्याला दोन-तीन खडे येणार, त्यात कुणाची ओळख राहील? वयनीचा चेहरा आणि तिच्या जावेचा चेहरा एकच दिसेल आणि मग घरात बोलणी. एकच चेहरा, जवळून, ४० बाय ५० मधे, चौकोनी खडे, असं केलं तर चेहऱ्याला ऐंशी-नव्वद खडे रुंदी मिळते, तेवढ्यात माणूस ओळखू येतो. लोक विचारतात की व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला फोटो चालेल का, क्वालिटी जाते ना. अहो चालतो, तुमच्या चित्रालाच मुळात १६० बाय २०० ठिपके आहेत, व्हॉट्सअ‍ॅपचा फोटो त्याच्यापेक्षा कितीतरी बारीक असतो. बघायचं ते दुसरंच, चेहऱ्यावर उजेड एका बाजूने आहे का, मागची भिंत साधी आहे का, केस आणि मागचा अंधार एकमेकांत मिसळत नाहीत ना. पाठीमागे झाडं असतील तर ती कॉन्फेटी तुम्हालाच लावायचीय हे लक्षात ठेवा, आधीच पुसून साधी करून घ्या.

३डी, ५डी वगैरे जे लिहितात ते खड्याला पैलू किती त्याबद्दल आहे, चित्र काही उठून बाहेर येत नाही. आता सगळेच ५डी लिहितात, त्यामुळे निवडताना त्याचा काही उपयोग नाही, सोडून द्या. एबी खडे मात्र खरंच वेगळे, त्यांच्यावर तेलाच्या तवंगासारखा रंगीत थर असतो, उजेड फिरला की रंग फिरतो. मांडवीच्या पाण्यावर रात्री दिव्यांचं प्रतिबिंब, दिव्याची ज्योत, पैठणीचा काठ, अशा जागी मूठभर एबी सुंदर दिसतात. सगळ्या चित्रात एबी टाकले की काहीच उठून दिसत नाही, नजर नुसती लकाकते. अंधारात चमकणारे पण असतात, ते मुलांच्या खोलीपुरते. कोस्टर, की-चेन, वहीची कव्हरं हे छोटे प्रकार हात बसवायला मस्त, फक्त कोस्टर आपल्या हवेत वापरायला काढाल तर थंड सोलकढीच्या ग्लासाला घाम येऊन खडे सुटतात आणि खालचा पुठ्ठ्यासारखा लाकडी बोर्ड फुगतो, तेव्हा वरून रेझिनचा थर देणार नसाल तर ते शोभेलाच ठेवा.

गोव्यात राहून हा छंद करायचा तर हवेचा विचार आधी. कोरड्या एसी खोलीत खडे स्टॅटिकने पिशवीला चिकटतात, उड्या मारतात, तो त्रास आपल्याला पावसाळ्यात जवळजवळ नाही. आपला त्रास बुरशीचा आणि गोंदाचा. वरचं प्लास्टिक एकदम सगळं काढू नका, तळहाताएवढा भाग मोकळा करा, तेवढा संपला की पुढचा, रात्री उठताना वरून बटर पेपर. उघड्या गोंदावर धूळ, केस, मांजराची लव, सगळं बसतं आणि मग खडे धरत नाहीत. गोंद दोन प्रकारचा येतो, ओतलेला आणि दोन बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचा. टेपवाल्यात कॅनव्हास नीट गुंडाळला नाही तर आत हवेच्या नद्या तयार होतात आणि त्या जागी खडे डुगडुगतात. ओतलेल्या गोंदात हा प्रकार नाही, त्यामुळे मोठं चित्र ओतलेल्या गोंदाचंच घ्या. गुंडाळून ठेवायचं असेल तर चित्राची बाजू बाहेर ठेवून सैल गुंडाळा, आत ठेवली की सुरकुत्या पडतात. कॅनव्हास मे महिन्यात बंद गाडीत ठेवून बाजारात जाऊ नका. कपाटात ठेवताना बुटांच्या डब्यात येतात त्या सिलिकाच्या पुड्या सोबत टाका.

पंखा हा दुसरा शत्रू. मे मधे पंखा बंद करून बसणं शक्य नाही आणि चालू ठेवला तर ट्रे पालथा झाल्यासारखी पांगापांग होते, त्यामुळे झाकणाचे बारके डबे घ्या, औषधाच्या गोळ्यांचे चालतात, प्रत्येकावर रंगाचा नंबर चिकटवा. उजेडाचं म्हणाल तर दिवसा बल्कावात, म्हणजे घरापुढच्या ओसरीवर बसून करणं सगळ्यात चांगलं, दुपारी दुकानं बंद आणि घरचे झोपलेले ती वेळ या कामाचीच. चाळिशी लागलेल्यांनी कॅनव्हासच्या खाली ठेवायचा एलईडी पॅड घ्यावा, खुणा खालून उजळतात, आणि किट घेतानाच खुणा मोठ्या आणि ठळक छापल्यात का ते रिव्ह्यूच्या फोटोंत बघावं, कारण गडद चौकटीवरची करडी खूण कुणालाच दिसत नाही, तरुणांनाही नाही.

तयार झालं की लाटणं फिरवून सगळे खडे नीट दाबायचे. त्यावर सीलर लावावा का यावर दोन मतं आहेत. सीलरने खडे पक्के होतात पण चमक थोडी मरते. चौकोनी, घट्ट बसलेल्या चित्राला मी लावायला सांगत नाही, गोल खड्यांना आणि हाताळल्या जाणाऱ्या वस्तूंना लावावा. मात्र जुलै-ऑगस्टमधे बिलकुल नको, दमट हवेत वार्निशचा स्प्रे दुधाळ होतो आणि ब्रशने लावायचा सीलर वाळतच नाही. दिवाळी होऊ द्या, हवा कोरडी झाली की एक पातळ हात, वाळला की दुसरा. फ्रेमवाल्याकडे नेताना त्याला मागे सनबोर्ड लावायला सांगा, आणि काच लावणार असेल तर ती खड्यांना टेकू नये म्हणून मधे पट्टी ठेवायला सांगा. काचेने चमक कमी होते, पण काच नसेल तर खड्यांच्या फटीत धूळ बसते आणि ती फडक्याने निघत नाही, मऊ ब्रशने काढावी लागते. आणि पावसाची झड ज्या भिंतीवर येते त्या भिंतीवर लावू नका, चिऱ्याची भिंत आतून ओल धरते आणि कॅनव्हासच्या मागे काळे ठिपके दिसायला लागतात तेव्हा उशीर झालेला असतो. आतली मधली भिंत, थेट ऊन नाही आणि बाजूने दिवा, ही जागा.

उरलेले खडे केरात लोटू नका, हे प्लास्टिकच आहे, गटारातून नदीत जातं. नंबर लिहून डब्यात ठेवा, पुढच्या किटमधे कमी पडले तर कामाला येतात, आणि एखाद्या मुलाला सुट्टीत साधं ग्राफ पेपरवर डिझाईन काढायला देऊन तेच खडे वापरायला दिलेत तर वेगळं किट घ्यायलाच नको.